सावलीची कड

पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा घ्या आणि डिसेंबरातल्या दुपारी गच्चीवर जा. पुठ्ठा फरशीपासून चार बोटांवर धरला तर त्याची सावली ब्लेडने कापल्यासारखी पडते. हात कमरेपर्यंत वर न्या, सावलीची कड मऊ होते. हात डोक्याच्या वर ताणा, आता सावली कुठे संपते आणि ऊन कुठे सुरू होतं हे बोट ठेवून दाखवता येत नाही. मधे एक राखी पट्टा तयार होतो, इकडून गडद, तिकडून फिका. पुठ्ठा तोच, ऊन तेच, फरशी तीच. बदललं ते फक्त अंतर.

कारण साधं आहे. सूर्य म्हणजे टिंब नव्हे, तबकडी आहे, आणि आकाशात ती आपल्याला जवळपास अर्ध्या अंशाएवढी दिसते. तबकडीचा अर्धा भाग वस्तूआड गेला आणि अर्धा उघडा राहिला, की तिथे अर्धंच ऊन पोचतं. हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. सूर्य त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट लांब आहे, म्हणून वस्तूपासून सावलीपर्यंतचं अंतर किरणाच्या रेषेत मोजायचं आणि १०८ने भागायचं, की त्या मऊ पट्ट्याची रुंदी मिळते. जपमाळेच्या मण्यांचा आकडा, त्यामुळे विसरायचा प्रश्न नाही. १० सेंटिमीटरवर एक मिलिमीटर, एका मीटरवर ९, तीन मीटरवर २८.

आधुनिक वास्तू आणि वाळवंट यांच्यावरून अमूर्त चित्र करू पाहणाऱ्याने ब्रश उचलण्याआधी एवढं गणित अंगी मुरवावं, असं माझं ठाम मत आहे. या जातीची चित्रं हल्ली पुष्कळ होतात. मोठे सपाट रंगक्षेत्र, एक तिरकी सावली, खाली वाळूचा रंग, वर कोरं आकाश. दुरून छान दिसतात, जवळ गेलं की भिंतीवर लावायच्या छापील पोस्टरसारखी वाटतात. रंग चुकलेले नसतात, आकारही चुकलेले नसतात. चुकलेली असते ती कड. सगळीकडे तोच मास्किंग टेप, म्हणजे सरळ कडेसाठी चिकटवून मग काढायचा कागदी टेप, ओढलेला असतो, म्हणून छज्ज्याखालची कड, जमिनीवरची कड आणि क्षितिजाची कड या तिन्ही एकाच धारेच्या होतात. उन्हात असं कधीच होत नाही.

बडोद्याच्या मराठी माणसाला या बाबतीत एक फायदा आहे. आपण मराठीत सगळ्यालाच सावली म्हणतो. झाडाखाली बसायची तीही सावली आणि भिंतीवर पडलेली आपली आकृती तीही सावलीच. पडछाया हा शब्द आहे आपल्याकडे, पण तो बोलण्यात कमी आणि पुस्तकात जास्त. शेजारची गुजराती मात्र रोजच्या बोलण्यात दोन वेगळे शब्द ठेवते, बसायचा तो छांयडो आणि पडतो तो पडछायो. बडोद्यातल्या दांडिया बाजारात वाढलेल्या पोराच्या कानावर दोन्ही भाषा पडत असतात, तेव्हा हा फरक त्याला शिकवावा लागत नाही. चित्रात तोच फरक करायचा असतो. छांयडो म्हणजे रंगाचं क्षेत्र, आत हवा आणि परावर्तित उजेड असलेलं. पडछायो म्हणजे आकार, त्याला कड असते. बहुतेक जण पडछायो काढतात आणि त्यात छांयडो भरायला विसरतात.

या शहराला या विषयातला मोठा वारसा आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० साली सुरू झाली. इंदूरचे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे पहिल्या फळीतल्या शिक्षकांत होते. पण आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यात पोचल्या त्या चित्रकार नसरीन मोहम्मदी. कराचीत १९३७चा जन्म, लंडन आणि पॅरिसला शिक्षण, १९७२पासून बडोद्यात अध्यापन, आणि १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला मृत्यू. त्यांनी फतेहपूर सिक्रीचे, चंदीगडचे, समुद्रकिनाऱ्याचे, आखातातल्या वाळवंटी मुलखाचे फोटो काढले, पण ते हयातीत प्रदर्शनात मांडले नाहीत. मांडली ती शाईच्या आणि पेन्सिलीच्या रेघांची चित्रं, बहुतेक बिननावाची, आर्किटेक्ट वापरतात त्या ड्राफ्टिंगच्या हत्यारांनी काढलेली. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयाचं २०१६ साली उद्घाटन झालं तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत त्यांचं प्रदर्शन होतं. त्यांच्या चित्रात ना इमारत ओळखू येते ना वाळवंट. पण एखादी रेघ एका टोकाला ठाशीव सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला जाताजाता विरळ होते, तेव्हा डोळ्याला ऊन लागल्यासारखं होतं. पट्टीने काढलेल्या रेघेतसुद्धा अंतर भरता येतं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

पाहायला इमारतीही जवळ आहेत. पुण्यात जन्मलेल्या वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी १९६०च्या दशकात आखलेली जीएसएफसी या खतकंपनीची वसाहत बडोद्यातच आहे. अहमदाबाद ११० किलोमीटरवर. तिथे ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाची १९५४ची मिल ओनर्सची, म्हणजे गिरणीमालकांच्या संघटनेची, इमारत उभी आहे, आणि सावलीच्या अभ्यासाला तिच्याइतका चांगला धडा नाही. पूर्वेच्या अंगाला काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या भिंतीशी काटकोनात आहेत, पश्चिमेला त्याच पट्ट्या तिरक्या केल्यात, कारण संध्याकाळी खाली उतरलेल्या सूर्याचं तिरपं ऊन अडवायचं आहे. एकाच इमारतीच्या दोन अंगांना सावलीचे दोन वेगळे व्याकरण. कोकणातल्या आचऱ्याच्या वास्तुविशारद अच्युत कानविंदेंनी १९७०च्या दशकात केलेली मेहसाण्याची दूधसागर डेअरी तर नुसती तिरक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची रांग आहे. तिचं रेखाटन केलं तर त्यातून खिडक्या वगळायचेही कष्ट पडत नाहीत.

उघड्या काँक्रीटजवळ उभं राहून हात फिरवून पाहावा. शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांचे ठसे त्यात उतरलेले असतात, लाकडाच्या रेषांसकट. दोन फळ्यांच्या फटीतून सिमेंटचं पाणी बाहेर आलेलं असतं, तिथे एक बारीक उंचवटा राहतो. दुपारी ऊन डोक्यावर असताना त्यातला प्रत्येक आडवा उंचवटा खाली केसाएवढी सावली टाकतो, आणि ती सावली पूर्ण धारदार असते, कारण अंतर जवळजवळ शून्य. त्याच भिंतीवर गच्चीच्या कठड्याची सावली वरून आलेली असते ती मऊ. एकाच हातभर जागेत कडेच्या दोन जाती. चित्र तिथेच सुरू होतं.

जयपूरच्या जंतरमंतरवर हीच मऊ कड ज्योतिषांची डोकेदुखी होती. सम्राट यंत्र म्हणजे सावलीवरून वेळ सांगणारं २७ मीटर उंच दगडी घड्याळ, त्याच्या खुणा दोन सेकंदांपर्यंत वेळ दाखवायच्या, पण सावली एवढ्या लांबून येते की तिची कड ही रेघ राहतच नाही, काही सेंटिमीटरचा पट्टा होतो. त्यातून नेमका क्षण उचलायला निरीक्षक दोरी किंवा काडी मधे धरून पाहत. त्यांना तो पट्टा नकोसा होता. चित्रकाराला तोच हवा.

आता वाळवंट. बडोद्याहून चारशे किलोमीटरच्या वर गेलं की भुज, आणि त्याच्या पुढे उत्तरेला कच्छचं रण. इथे वाळूच्या टेकड्या शोधत बसू नये, त्या थरच्या वाळवंटातल्या. टेकडीची कड हा स्वतंत्र विषय आहे: वाऱ्याकडची बाजू लांब आणि उतरती, दुसरी बाजू ३३-३४ अंशांत कोसळलेली, कारण कोरडी वाळू त्याहून उभी राहतच नाही. शिखरावर दोन बाजू भेटतात तिथे सुरीसारखी धार. रण याच्या अगदी उलट आहे. पावसाळ्यात पाणी, थंडीत मिठाचं कवच, आणि कवचावर साधारण मीटर-दोन मीटर रुंद बहुकोनांची जाळी. सपाट जमिनीवर उभ्या माणसाच्या डोळ्यापासून क्षितिज फक्त साडेचार किलोमीटरवर असतं, तरी दुपारी ते सापडत नाही. तापलेली हवा उजेडाला वाकवते, क्षितिजाची रेघ तुटते, खालचं पांढरं आणि वरचं पांढरं एकमेकांत मिसळतं. थोडक्यात, इमारत कड देते आणि रण ती काढून घेतं. चित्रात काय ओळखू येतं याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही, ही देवघेव दिसली पाहिजे.

या जातीच्या चित्रांचा एक साचा कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जवरून आलेला आहे. वास्तुविशारद रिचर्ड नॉयट्राचं १९४६चं कॉफमन हाउस, सपाट छपरं, मागे डोंगर, स्वच्छ कोरडी हवा. तिथलं तिथे सुंदरच आहे. पण तिथली सावली उचलून गुजरातच्या भिंतीवर चिकटवली की चित्र खोटं बोलतं. पाम स्प्रिंग्ज ३३.८ अक्षांशावर, बडोदा २२.३वर. २१ डिसेंबरला भर मध्यान्ही तिथे माणसाची सावली त्याच्या उंचीच्या दीडपटीहून जास्त पडते. बडोद्यात त्या दिवशी, घड्याळात १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास, सावली उंचीएवढीच असते. आणि जूनच्या पहिल्या आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एकेक दिवस असा येतो की सूर्य नेमका माथ्यावर असतो आणि खांब स्वतःच्या पायावर सावली गोळा करून उभा राहतो. पाम स्प्रिंग्जला हे कधीच घडत नाही. आपली हवाही धुळीची, आकाश वर निळं आणि खाली पिवळट दुधी. ही धूळ चित्रात यायला हवी.

रेखाटनासाठी फोनवर फार विसंबू नका. फोनचा कॅमेरा सावलीतला काळोख उचलून फिका करतो आणि प्रत्येक कड आपणहून धारदार करतो, म्हणजे आपल्याला जे पाहायचं आहे नेमकं तेच पुसतो. वहीत १० बाय १५ सेंटिमीटरची चौकट आखावी, डोळे अर्धे मिटावे आणि तीनच छटांत मांडावं: ऊन, छांयडो, आणि त्यातला सगळ्यात गडद कोपरा. सकाळी ९, दुपारी १२, संध्याकाळी साडेचार अशी एकाच कोपऱ्याची तीन रेखाटनं करावी. मग खिडकी, दार, माणूस, पाण्याची टाकी, जे जे माप सांगतं ते काढून टाकावं. कागद उलटा धरून पाहावा. उलटूनही घर दिसत असेल तर अजून काढायचं शिल्लक आहे. मात्र उजेडाची दिशा काढू नये. ती एकच असावी आणि शेवटपर्यंत टिकावी, कारण ओळखीचं सगळं गेल्यावर चित्राला धरून ठेवायला तेवढीच उरते.

मोठं करताना ८० बाय १२० सेंटिमीटर सोयीचं पडतं, वहीच्या नेमकं आठपट. इथे एक फसगत ठरलेली. वहीतली अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलीची रेघ फळकावर चार मिलिमीटरची होते. म्हणजे वहीत जी कड धारदार वाटत होती ती आठपट झाल्यावर नेमकी किती रुंद हवी, हे नव्याने ठरवावं लागतं. तिथे १०८चा भागाकार कामाला येतो. समजा मनातली इमारत नऊ मीटर उंच आहे आणि वेळ डिसेंबरची मध्यान्ह. कठड्यापासून जमिनीवरच्या सावलीपर्यंत किरण सुमारे १३ मीटर येतो, पट्टा १२ सेंटिमीटर. ऊन तिरकं असल्याने जमिनीवर तो आणखी ताणला जाऊन १७ सेंटिमीटर होतो, वितीपेक्षा थोडा कमी. चित्रात इमारत दहापट लहान केली असेल तर सावलीच्या टोकाला १७ मिलिमीटर मऊ कड. त्याच सावलीच्या मुळाशी, भिंत जमिनीला टेकते तिथे, शून्य.

अशा कामाला कॅनव्हासपेक्षा लाकडी फळक बरा. कॅनव्हास टेप दाबताना खाली जातो आणि विणीच्या खळग्यांतून रंग टेपखाली पळतो. १२ मिलिमीटरचं चांगलं प्लायवुड, मागे पाइनच्या पट्ट्यांची चौकट आणि मधे एक आडवी पट्टी. पुढच्या बाजूला जेवढे हात द्याल तेवढेच नाही तरी दोन हात मागेही द्यावेत, नाहीतर बडोद्याच्या पावसाळ्यात फळक पापडासारखा वाकतो. आधी अॅक्रिलिक मीडियमचे, म्हणजे रंगाविना नुसत्या चिकट्याचे, दोन हात; त्यामुळे लाकडातला तांबूस रस वर येत नाही. मग जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, चार हात, एक आडवा एक उभा, मिळून साधारण अर्धा लिटर. प्रत्येक हातानंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी ४०० नंबरचा वॉटर पेपर. पैसे वाचवायला भिंतीचा प्रायमर वापरण्याचा मोह होतो. त्यात खडू जास्त आणि बांधणारा चिकटा कमी, त्यामुळे टेप उचलताना त्याचे पोपडे टेपबरोबर निघून येतात, आणि ते शेवटच्या दिवशीच निघतात.

काँक्रीटचा राखाडी काळ्या-पांढऱ्याने करू नये, तो मेलेला दिसतो. टिटॅनियम व्हाइट आठ चमचे, अल्ट्रामरीन निळा एक, बर्न्ट अंबर तपकिरी एक, इथून सुरुवात करा. थंड वाटला तर अंबर पाव चमचा वाढवा. कंपनीगणिक जोर बदलतो म्हणून हे माप फक्त उंबरठा समजावं. वाळूला यलो ऑकर आणि पांढरा, त्यात अल्ट्रामरीनचा चिमूटभर अंश, नाहीतर ती बेसनासारखी दिसते. रणाचं मीठ पांढरं नसतं. पहाटे ते निळसर गुलाबी, दुपारी पिवळट, आणि त्याच्यावर पडलेली सावली चक्क निळी, कारण तिथे उजेड येतो तो फक्त आकाशातून. छज्ज्याच्या खालच्या अंगाला मात्र जमिनीवरून उसळलेलं ऊन लागतं, तिथे सावली उबदार होते. एकाच सावलीत वर ऊब आणि खाली गारवा ठेवला की छांयडो आपोआप येतो.

अॅक्रिलिक सुकल्यावर गडद होतो, कारण ओला असताना त्यातलं मीडियम दुधाळ असतं आणि सुकल्यावर पारदर्शक होतं. म्हणून छटा वाटीत पाहून ठरवू नये. जेसो लावलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर फराटा मारावा, हेअर ड्रायरने सुकवावा, मग बोलावं. एवढ्या मोठ्या फळकावर संपूर्ण क्षेत्राचा एक हात १०० ते १२० मिलिलिटर रंग खातो. लागेल त्याच्या दीडपट एकदमच करून ठेवा, अर्ध्यात संपला तर तीच छटा पुन्हा जमणं जवळपास अशक्य. श्रीखंडाचे रिकामे डबे यासाठी उत्तम. रंगावर प्लास्टिकचा कागद टेकवून झाकण लावलं तर साय धरत नाही.

आता ती कड, मुळाशी शून्य आणि टोकाला १७ मिलिमीटर. ब्रशने हळूहळू मिसळत नेता येते, पण मे महिन्यात रंग तीन-चार मिनिटांत धरतो आणि मिसळता मिसळता फाटतो. रिटार्डर, म्हणजे रंग सावकाश सुकवणारं द्रव्य, घातला तर १० टक्क्यांच्या वर नको, जास्त झाला तर आठवडाभर चिकट राहतो. त्यापेक्षा मला हातपंख्याची रीत आवडते, कारण ती वास्तूच्या शिस्तीतली आहे. ऊन आणि सावली यांच्या मधे तीन छटा तयार करायच्या, म्हणजे एकूण पाच डबे. सावलीचं मूळ जिथे आहे त्या बिंदूवर टाचणी ठोकायची, तिला दोरा बांधायचा. दुसऱ्या टोकाला १७ मिलिमीटरचे तीन भाग करून चार खुणा करायच्या, आणि दोरा एकेका खुणेवर ताणून २एच पेन्सिलीने अगदी हलक्या हाताने चार रेघा, हाताच्या पंख्यासारख्या एका टाचणीतून सुटलेल्या.

सगळं क्षेत्र आधी उन्हाच्या छटेने रंगवा. सुकू द्या. सगळ्यात बाहेरच्या रेघेवर टेप लावा, टेप उन्हाच्या बाजूला, आणि आतलं सगळं दुसऱ्या छटेने भरा. मग त्याच्या आतली रेघ, तिसरी छटा. असं फिक्याकडून गडदाकडे चौथ्या रेघेपर्यंत. प्रत्येक वेळी टेप लावल्यावर नखाने किंवा चमच्याच्या पाठीने कड दाबायची, आणि नवा रंग लावण्याआधी टेपखाली जो रंग आहे त्याचाच किंवा बिनरंगाच्या मॅट मीडियमचा एक पातळ हात कडेवरून फिरवायचा. जे गळायचं ते तेच गळतं आणि फट बुजते. दुकानात मिळणारा साधा कागदी टेप ताज्या रंगावर लावू नका. हाताला सुकलेला रंग आतून सुकलेला नसतो, रात्रभर थांबा. म्हणजे पाच छटांना पाच दिवस. घाई केली की टेप खालचा रंग सोलून नेतो. टेप उचलायचा तो रंग अजून थोडा ओला असताना, स्वतःकडे मागे दुमडून, साधारण ४५ अंशांत, सावकाश. उन्हाच्या खोलीत टेप दोन दिवस तसाच राहिला तर गोंद भाजून फळकावरच बसतो.

हे जमलं की टाचणीजवळ एक धारदार टोक दिसतं आणि तिथून दूर जाताना तेच टोक उलगडत जातं. दोन पावलांवरून पट्टे दिसतात, सहा पावलांवरून ऊन दिसतं. क्षितिजासाठी मात्र टेप अजिबात नको. तिथे रुंद मऊ ब्रश, वरची आणि खालची छटा जवळजवळ सारखी, आणि कोरड्या ब्रशचे आडवे हात, क्षितिज नेमकं कुठे आहे हे स्वतःलाही सांगता येणार नाही इतके.

काही जण पोतासाठी रंगात खरी वाळू घालतात. कल्पना चांगली, पण रणातून किंवा कच्छमधल्या मांडवीच्या किनाऱ्यावरून आणलेली वाळू थेट रंगात गेली की पहिल्याच पावसाळ्यात चित्राला घाम फुटतो. मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि पुन्हा सुकलं की पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी फुलं येतात. वाळू पाच-सहा पाण्यांनी धुवावी. पुरेशी धुतली का हे डोळ्याला कळत नाही, म्हणून शेवटच्या पाण्याचा एक चमचा काळ्या ताटलीत ओतून उन्हात ठेवावा. पाणी उडाल्यावर ताटलीत पांढरं कडं उरलं तर आणखी दोन पाणी. काहीच उरलं नाही तर वाळू चाळणीने चाळून, एक भाग वाळू आणि तीन भाग जेल मीडियम असं कालवावं. काँक्रीटच्या भागासाठी वाळूपेक्षा संगमरवराची पूड चांगली. तिचा लेप ओला असताना तारेच्या ब्रशने घासलेली पाइनची फळी हलकेच टेकवून उचलली तर लाकडाच्या रेषा उतरतात. फळीला आधी तेलाचं बोट मात्र लावू नये, त्या जागी पुढचा रंग धरत नाही.

व्हार्निश पावसाळ्यात नकोच. दमट हवेत ते दुधाळ होतं आणि पाच दिवसांची ती कड धुक्यात जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बडोद्यात बरा, रंग पूर्ण सुकायला त्याआधी दोन-तीन आठवडे द्यावेत. मॅट व्हार्निशची बाटली हलवू नये, बुडबुडे होतात. तळाशी बसलेली पूड काडीने ढवळून वर आणावी, नाहीतर चित्राचा अर्धा भाग चकाकतो आणि अर्धा नाही.

राहता राहिलं टांगणं. टेपने केलेल्या प्रत्येक कडेला रंगाचा एक बारीक उंचवटा असतो, केसाएवढा. पाच हात झाले की गडद बाजूला तो बोटालाही जाणवतो. रात्री दिवे मालवून बाजूने टॉर्च मारली तर त्या उंचवट्याची स्वतःची सावली पडलेली दिसते, शटरिंगच्या रेघेसारखी, पूर्ण धारदार. चित्रातलं ऊन डावीकडून येत असेल आणि खोलीची खिडकी उजवीकडे असेल, तर ही खरी सावली रंगवलेल्या सावलीच्या उलट पडते आणि पाहणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं. म्हणून भिंत आधी ठरवावी, खिडकी कुठे आहे ते पाहावं, आणि वहीतल्या पहिल्या रेखाटनात उजेड त्याच बाजूने आणावा.